एतोशाची रजा

केशवराव बहरीनमध्ये एसी दुरुस्त करायचे, एकवीस वर्षं. तिथल्या गुदैबिया भागात एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. त्यांची बायको भागीरथा हिनं एकदा टीव्हीवर नामिबियातलं एतोशा अभयारण्य पाहिलं. मिठाचं पांढरंशुभ्र मैदान, दूरवर पसरलेलं, आणि त्याच्या काठी पाण्यावर आलेले हत्ती. तेव्हापासून तिला तिथं जायचं होतं.

पण तिथं जनावरं पाणवठ्यावर गोळा होतात ती कोरड्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबर. बहरीनमध्ये नेमका तेव्हाच अंग भाजून काढणारा उन्हाळा. एसीवाल्याला कसली रजा?

"पुढच्या वर्षी नक्की," केशवराव दरवेळी म्हणायचे.

"हत्ती कुठं पळून चाललेत?" ती हसून म्हणायची.

हत्ती होते तिथंच राहिले. मधुमेहानं तिचे डोळे मात्र गेले, आधी एक, मग दुसरा. वर्षभरानं केशवराव निवृत्त झाले. बहरीनचा व्हिसा संपायला दोन महिने होते. ते दोन तिकिटं घेऊन घरी आले.

"अहो, मला काय दिसणार तिथं?"

"मी सांगेन ना सगळं."

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघं एतोशातल्या पाणवठ्यासमोर बाकावर बसली. तासाभरानं झुडपांतून हत्ती आले.

"आले गं! अकरा आहेत. एक पिल्लू आईच्या पायात…" एवढं बोलून केशवराव थांबले आणि बाहीनं डोळे पुसू लागले.

"पाणी पितायत ते, ऐकू येतंय मला," भागीरथा म्हणाली. तिनं चाचपडत त्यांचा हात धरला. "रंग तेवढा सांगा."

"पांढरे. धुळीनं पांढरे झालेत."

"मायादेवीच्या स्वप्नात आलेल्या पांढऱ्या हत्तीसारखे?"

"तसेच."

ती पाण्याच्या आवाजाकडे कान लावून बसली. मग हळूच म्हणाली, "एकदा तरी आधी यायला हवं होतं हो."

एवढ्या वर्षांत तिनं केलेली ही पहिलीच तक्रार. केशवरावांनी हत्ती पुन्हा एकदा मोजले.

गुदैबियात परतल्यावर कायमचं गावी जायची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा शेजारची आबिदा निरोप द्यायला आली. "भाभी, काय काय बघितलं?"

"अकरा हत्ती," भागीरथा म्हणाली. "सगळे पांढरे. आणि त्यातलं एक पिल्लू इतकं गोड होतं, सोंड कशी वापरायची तेच त्याला कळत नव्हतं."

सोंडेचं केशवरावांनी सांगितलंच नव्हतं. ते खाली बसून खोक्याला दोरी बांधत होते. ती गाठ त्यांना चारदा सोडून पुन्हा मारावी लागली.