बुधवारची प्रार्थना कुणाच्या घरी?

घर आवरायला घेतलं की मन शांत होतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे! विजयमाला सकाळपासून आवरत होती आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. भांड्यांचं पोतं बांधायचं, पुन्हा सोडायचं. पुसलेली खिडकी परत पुसायची. मध्येच दारात जाऊन गल्लीत बघून यायचं. रविवारी अकलूजहून भाऊ टेम्पो घेऊन येणार होता. सोलापूरचं घर बंद करून ती कायमची त्याच्याकडे निघाली होती. भाऊ चांगला, भावजयही वाईट नव्हती. पण भावाच्या घरातला कोपरा तो कोपराच, हे तिलाही कळत होतं.

तिचा नवरा शहाजी चिंचोळी एमआयडीसीत फिटर होता. उन्हाळ्यात एका दुपारी कामावरच छातीत कळ आली आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. चर्चच्या बायकांनी तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हे आधीच सांगते, उगीच कुणावर आळ नको. घरोघरचे डबे येत राहिले. पण डबा दारातच द्यायचा आणि वळायचं. हिनं चहा टाकते म्हटलं की, "राहू दे गं, तुला कशाला त्रास," म्हणत चपला पायात! दुःखाच्या घरचं खाऊ नये, असं आपल्याला कुणी शिकवत नाही, पण पाळतात सगळे.

त्यात ही बुधवारची प्रार्थना. महिला मंडळाची प्रार्थना दर बुधवारी एकेकीच्या घरी व्हायची आणि चहा-फराळही तिच्याकडेच असायचा. आज क्रमानं विजयमालाचं घर होतं. मंडळाच्या अध्यक्षा दानेश्वरीबाईंनी मायेपोटीच ते वगळलं आणि प्रार्थना मागच्या गल्लीत स्वतःकडे ठेवली. विजयमालाला बोलावलं होतं, पण ती गेली नाही. गाणी इथवर ऐकू येत होती. मग गाणं थांबलं आणि प्रार्थनेत तिचं नाव आलं. तिच्यासाठी सगळ्यांच्या घरी प्रार्थना, फक्त तिच्या घरी नाही! तिनं हातातलं फडकं भिंतीवर फेकलं.

तेवढ्यात शेजारची इमामबी आली. तीही विधवा, शिवणकामावर घर चालवणारी. आल्या आल्या म्हणाली, "लई भूक लागलीया. भाकरी टाक की."

तवा बांधून ठेवलाय, असं विजयमाला म्हणाली. इमामबीनं सरळ पोत्याची गाठ सोडली, तवा काढला आणि गॅसवर ठेवला. मग तिनं सांगितलं, तिचा मालक गेला तेव्हा तिलाही लोकांनी असंच खाऊ घातलं होतं.

"पोट भरलं, पण आपण कुणाच्याच कामाचं न्हाय असं वाटाय लागलं. एक दिस तुजा शहाजी आला आन म्हणाला, भाबी, चहा कर. घरात दूध न्हवतं. बिनदुधाचा पिऊन गेला. तवापासनं मी उटून बसले बघ."

विजयमालाला हे ठाऊकच नव्हतं. शहाजीनं कधी सांगितलं नव्हतं. ती खूप रडली आणि रडता रडताच पीठ मळायला बसली.

पहिली भाकरी फुगली आणि दारात दानेश्वरीबाई आल्या. हातात फराळाचा डबा, उंबऱ्याबाहेरूनच पुढे केलेला. इमामबीनं आत बोलावलं, तर त्या म्हणाल्या, नको, तिला विश्रांती हवी.

"विश्रांती घेऊनच तिनं बोचकं बांधलंय," इमामबी म्हणाली. "तुमी देता, लई देता, पण तिच्याकडनं कायबी घेत न्हाय. मग तिनं हितं ऱ्हावं तरी कशाला?"

दानेश्वरीबाईंचा चेहरा उतरला. विजयमाला पिठाच्या हातानंच पुढे आली.

"बाई, ईस्टरला तुम्हीच सांगता ना? येशू मरणातून उठून शिष्यांकडे आला, तेव्हा ते घाबरून बसले होते. त्यानं त्यांना खायला काय आहे विचारलं आणि त्यांच्या हातचा मासा खाल्ला. माझ्याकडं मासा नाही. भाकरी आहे, शेंगाचटणी आहे. खाणार का?"

दानेश्वरीबाईंनी चपला काढल्या. वर्षानुवर्षं ती गोष्ट सांगत आल्या होत्या, आज पहिल्यांदा ऐकली! तिघी जमिनीवर बसून जेवल्या. चटणी जहाल होती, डोळ्यांना पाणी आलं, आणि ते चटणीचंच का, हे कुणी विचारलं नाही. दानेश्वरीबाईंनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. पुढच्या बुधवारी प्रार्थना इथंच."

शहाजीचं दुःख त्या भाकरीनं गेलं नाही. जायचंही नाही. पण विजयमालानं तवा पुन्हा पोत्यात घातला नाही. संध्याकाळी तिनं भावाला फोन केला.

"दादा, रविवारी ये, पण टेम्पो नको आणू. फराळाला गूळ आण. बुधवारी माझ्याकडं प्रार्थना आहे."

मंडळी, तुमच्याही ओळखीत असं एक घर असेल. तिथं डबा न्या, जरूर न्या. पण दारातून परतू नका. आत बसा, भूक लागली म्हणा आणि त्या हातचं खाऊन या. आपली कुणाला तरी गरज आहे, एवढं कळलं तरी माणूस पुन्हा उभं राहतं.