साइडकारमधली सवत

कव्हरमास्तरांनी आपल्या मोटरसायकलला तिसरं चाक लावायचं ठरवलं, तेव्हा गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच म्हण आली : तीन तिघाडा, काम बिघाडा. मास्तरांच्या बायकोने मात्र तोंड उघडलं नाही. त्या खिडकीत उभ्या राहून खाली अंगणात काय चाललंय ते बघत होत्या. वेल्डर जमिनीवर पालथा पडून ठिणग्या उडवत होता आणि मास्तर त्याच्या डोक्याशी उभे राहून नको तेवढ्या सूचना देत होते.

मास्तर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. खाली दुकान, वर घर. बाई जन्मभर पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर होत्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना काटेबाई म्हणत. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण सवय गेली नव्हती. समोरून कोणी पिशवी घेऊन आलं, की आधी पिशवीचं वजन डोळ्यांत भरायचं, मग माणूस कोण ते कळायचं.

लग्न झाल्यापासून या दोघांनी एकही सुटी घरात काढली नव्हती. शनिवारी दुकान बंद झालं की रविवारी पहाटे मोटरसायकल बाहेर. मास्तर पुढे, बाई मागे. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत मास्तरांनी त्यांना एक धडा दिला होता. "मागे बसलीस की पोत्यासारखं बसायचं. वळणावर मी झुकेन, तू माझ्या पाठीला चिकटून राहायचं. आपल्या मनाने हलायचं नाही." बाईंनी तो धडा असा गिरवला, की पुढे पुढे मास्तर गिअर कधी बदलणार हेही त्यांना नवऱ्याच्या पाठीवरून कळू लागलं.

मग तीन वर्षांपूर्वी घाटात, तळ्यावरच्या वळणावर, दोघं पडली. मास्तरांचं गळ्याचं हाड मोडलं, बाईंचे गुडघे सोलून निघाले. रस्त्यावर आडवे पडल्या पडल्या मास्तरांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, "हललीस का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

पण त्या हलल्या होत्या. खाली तळ्यात एक पांढरं शीड दिसलं होतं आणि ते नीट बघायला त्या वळल्या होत्या. एवढ्याशा गोष्टीसाठी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी खोटं बोलल्या आणि ते खोटं पोटात घेऊन बसल्या.

पुढे डॉक्टरांनी शोधून काढलं, की मास्तरांच्या कानात बिघाड झालाय. तोल सांभाळणारं जे काही कानाच्या आत असतं, ते अर्धं निकामी झालंय. औषधांनी चक्कर थांबली, तोल मात्र परत आला नाही. मास्तरांना उभ्याने पँट घालता येईना. "चार चाकं उत्तम, तीन चालतील, दोन नाहीत," डॉक्टर म्हणाले. सगळे म्हणाले, चला, पडण्याचं कारण सापडलं. एकट्या बाईंना ते पटलं नाही. मी हलले म्हणून हा माणूस पडला, आणि पडला म्हणून याचा कान गेला, असा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला होता, आणि काट्यावरच्या माणसाचा हिशेब कोण मोडणार?

मास्तर मात्र "तीन चालतील" एवढंच ऐकून घरी आले होते.

साइडकार तयार झाली. डाव्या बाजूला एका माणसाची बैठक, होडीसारखी, पुढे निमुळती. वेल्डरने एक फेरी मारली आणि पांढराफटक चेहरा घेऊन परत आला. रिकामी साइडकार डाव्या वळणावर हवेत उठते, हे त्याने पुरतं अनुभवलं होतं. "हिच्यात कायम वजन पाहिजे मास्तर," तो म्हणाला. "नाही तर एक दिवस ही तुमच्या डोक्यावर येऊन बसेल."

मास्तर बाईंकडे बघू लागले. बाई आत निघून गेल्या.

मग मास्तरांनी वाळूची गोणी भरली. साधी गोणी ठेवतील तर ते कव्हरमास्तर कसले! तिला मरून रेक्झीनचं कव्हर शिवलं, कडेला पांढरी पायपिंग, उचलायला दोन बाजूंना पट्टे. साइडकारमध्ये बसवल्यावर ती पाहुणीसारखी दिसू लागली. बाई जिन्यावरून म्हणाल्या, "अठ्ठावन्न किलो."

"बरोबर!" मास्तर खूश झाले.

"मी त्रेसष्ट आहे."

मास्तरांचा चेहरा पडला. वेल्डरने पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "वहिनी, तुमच्या जागी सवत आली, तीही बारीक!"

तेव्हापासून गोणीचं नाव सवत पडलं.

रविवारी मास्तर सवतीला घेऊन फिरायला जाऊ लागले. गाडी शिकायला त्यांना दोन महिने लागले, कारण तीन चाकांची गाडी म्हणजे वेगळंच जनावर. रेस दिली की डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. वळणावर झुकून उपयोग नाही, हँडल अंगातल्या ताकदीने वळवावं लागतं. संध्याकाळी परत आले की मास्तरांचे खांदे भरून यायचे. आणि थांबल्यावर पाय टेकायचं कारणच नाही, तरी सिग्नलला मास्तरांचा उजवा पाय खाली यायचाच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. शेजारच्या गाडीवाल्यांना हसू यायचं आणि मास्तर घाईघाईने पाय वर घ्यायचे.

बाई बसत नव्हत्या, पण गाडीची देखभाल दोघं मिळून करत. दर शनिवारी अंगणात दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चाकांना लावायच्या, एक मोटरसायकलच्या चाकांना, एक साइडकारच्या चाकाला, आणि पुढचं अंतर मागच्यापेक्षा बोटभर कमी आहे ना ते बघायचं. तिसरं चाक जरासं आत वळलेलं असलं तरच गाडी सरळ धावते. पट्टीचं दुसरं टोक बाई धरायच्या. मग मास्तर सांध्याचे बोल्ट एकेक करून पान्याने तपासायचे आणि बाई मागून हात फिरवून बघायच्या. एखादा सैल असला तर बाईंनाच आधी कळायचा. एवढं सगळं करून रविवारी सकाळी त्या दारात उभ्या राहून हात हलवायच्या आणि नवरा सवतीला घेऊन निघून जायचा. घरात शिरल्यावर त्यांना रडू यायचं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एके सोमवारी जेवताना मास्तर म्हणाले, "बेकरीवाल्याला गाडी हवीय. पाव पोचवायला. रविवारी येतो म्हणालाय."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "आणि तुम्ही देणार?"

"काय करू ठेवून? काल घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. वर जाऊन काय करणार? गोणीला सांगणार, बघ तळं किती छान दिसतंय?" ते उगाच भात चिवडत राहिले. "तुला भीती वाटते ते कळतं गं मला. माझ्या कानाचा भरवसा मलाच नाही, तुला कुठून असणार? मी जबरदस्ती करणार नाही."

त्यांचा असा समज झालाय, हे बाईंना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तीन वर्षं आपण गप्प राहिलो, आणि या माणसाने त्या गप्प राहण्याचा अर्थ स्वतःवर घेतला! खरं सांगावं असं जिभेवर आलं, पण धीर झाला नाही.

"शुक्रवारी एकदा बसते," त्या म्हणाल्या. "वरच्या तळ्यापर्यंत. आणि मी अजिबात हलणार नाही."

शुक्रवारी दुकानाला कुलूप लागलं. सवतीला उचलून पायरीवर ठेवलं आणि बाई तिच्या जागी बसल्या. गाडी निघाली, डावीकडे ओढली, सरळ झाली. बाई इतक्या खाली बसल्या होत्या, की रस्ता मांडीखालून पळतोय असं वाटत होतं. त्यांनी मान वर केली आणि चकित झाल्या. इतकी वर्षं त्यांनी या माणसाची नुसती पाठ पाहिली होती. गाडी चालवताना हा हसतो, हे त्यांना आज दिसलं. कोणासाठी नाही, आपला आपणच, ओठांच्या एका कोपऱ्यात.

हा हसणारा माणूस रविवारी गाडी विकणार होता. बाईंनी दात आवळले आणि आणखी ताठ बसल्या.

घाट लागला. उजवी वळणं सहज गेली. मग पहिलं मोठं डावं वळण आलं. पाचावर धारण बसलेल्या माणसाला जे येतं तेच तो करतो. बाईंना एकच येत होतं : वळणावर नवऱ्याला चिकटायचं. त्या उजवीकडे सरकल्या, दोन्ही हातांनी मोटरसायकलला जोडलेली कांब धरली आणि मास्तरांच्या गुडघ्याला डोकं टेकवून गच्च बसल्या. त्रेसष्ट किलो नको त्या बाजूला गेलं. तिसऱ्या चाकाखालचा आवाज बंद झाला. बाईंच्या बाजूची जमीन हळूच खाली गेली, आणि गाडी वळायची सोडून उजवीकडे, समोरच्या बाजूला घसरू लागली. वरून एक ट्रक उतरत होता. त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"तिकडे झुक!" मास्तर ओरडले. "बाहेर! अगं हल! हल!"

तीस वर्षांत जो शब्द कधी ऐकला नव्हता, तो कानावर आला. बाईंना क्षणभर वाटलं, आपल्यालाच भ्रम झाला. मग त्यांनी कांब सोडली, डाव्या काठावर पोट टेकलं आणि डोकं, खांदे, दोन्ही हात रस्त्यावर बाहेर झोकून दिले. चाक धप्पकन खाली आलं. हँडल वळलं. ट्रक वारा मारून बाजूने निघून गेला.

तळ्याजवळ गाडी थांबली. बाई साइडकारमधून उतरल्या आणि त्यांचा पारा चढला तो चढलाच.

"जन्मभर सांगितलंत, हलू नकोस, हलू नकोस! आणि आज म्हणता हल? माणसाने करायचं तरी काय?"

"ते दोन चाकांचं होतं," मास्तर कसेबसे म्हणाले. "इथे उलटं. इथे डाव्या वळणावर बाहेर झुकायचं असतं. मी सांगायचंच विसरलो. गोणी मी बाहेरच्या बाजूला बांधून टाकायचो. तिला कधी सांगावं लागलं नाही ना!"

"मी गोणी आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि भीतीने की कशाने कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. बाईंना हसू आलं नाही. समोर तळं होतं, तेच वळण वर दिसत होतं, आणि आता नाही बोललं तर रविवारी बेकरीवाला येणार होता.

"त्या दिवशी मी हलले होते," त्या म्हणाल्या. "शीड बघायला वळले. तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणाले. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. म्हणून बसत नव्हते मी. तुमच्या कानाला कोण घाबरतंय?"

मास्तर हसायचे थांबले. ते हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळू लागले.

"त्या वळणाच्या कितीतरी आधी, पुलावरच, मला रस्ता तिरका दिसायला लागला होता," ते म्हणाले. "थांबू या म्हणणार होतो. लाज वाटली. तू मागे एवढी निवांत बसलेली. पडल्यावर वाटलं, देवा, ही हललेली असू दे, म्हणजे माझं काही बिघडलं नाही असं होईल. म्हणून विचारलं तसं." त्यांनी बाईंकडे बघितलं. "तू दगडासारखी बसली असतीस, तरी मी पडलोच असतो."

"हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?"

"तुला तरी कुठे येत होतं?"

बाई साइडकारच्या काठावर बसल्या आणि तीन वर्षांचं एकदम रडल्या. मास्तरांनी रुमाल दिला. तो ग्रीसने काळा झालेला होता. बाईंनी तसाच घेतला. मग मास्तरांनी तिथेच धडा द्यायला सुरुवात केली : डावं वळण आलं की बाहेर, उजवं आलं की माझ्याकडे, आणि मी ओरडायची वाट बघायची नाही, रस्ता आपणच बघायचा. घाट उतरताना बाई पहिल्या वळणाला चुकल्या, दुसऱ्याला उशीर केला आणि तिसऱ्याला मास्तरांच्या आधी झुकल्या. हँडल हलकं झालं, तसं मास्तरांनी चमकून बाजूला पाहिलं. इतकी वर्षं गाडी एकजण चालवायचा. आता दोघं चालवत होती.

बेकरीवाल्याला कळवायचं मात्र दोघंही विसरली. रविवारी सकाळी ती दोघं घाटाच्या पलीकडे, समुद्राच्या रस्त्यावर एका टपरीशी चहा पीत असताना बाईंचा फोन वाजला.

"काटेबाई, मी दारात उभाय," बेकरीवाला म्हणाला. "मास्तर नाहीत, गाडी नाही. आणि पायरीवर हे कोण बसलंय मरून कपड्यात?"

"ती माझी सवत. गाडी विकायची नाही हो आता, माफ करा. ती हवी तर घेऊन जा."

"घेऊन काय करू?"

"काही नाही. ती काहीच करत नाही."

मास्तर चहाचा पेला धरून ऐकत होते. "अगं, गोणी देऊन कशाला टाकलीस?" ते म्हणाले. "ती नसली तर मला एकट्याला गाडी नेताच यायची नाही."

"मग?" बाई हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाल्या. "एकट्याला जायचंय कुठे?"

मास्तरांनी किक मारली. पुढे डावं वळण होतं. बाई आधीच बाहेर झुकल्या होत्या.