महिन्यातून दोनदा पाहुणा

ओतूरच्या एका पतसंस्थेत सोमनाथनं एकतीस वर्षं कॅशियरच्या खिडकीमागं काढली. रिटायर झाला तेव्हा संस्थेनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. यात संस्थेचा काही वाईट हेतू नसावा, पण रिटायर माणसाला सगळ्यात नको असलेली वस्तू तीच. बायको द्रौपदा अंगणवाडीत, तिची नोकरी अजून बाकी. मुलगी प्रज्ञा पुण्यात नर्स. म्हणजे सकाळी दहानंतर घरात दोघंच, सोमनाथ आणि घड्याळ.

अशात एका शनिवारी सावळेरामनं त्याला गाडीत घातलं आणि नेमबाजीला नेलं.

सावळेराम हा शाळेत एका बाकावर बसलेला दोस्त, आता नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा व्यापारी. नेमबाजीचा क्लब पिंपळवंडीच्या अलीकडं एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत निघाला होता. सुनील सर नावाच्या माजी सैनिकानं ते लांबलचक शेड भाड्यानं घेतलं, आतून पांढरं केलं, एका टोकाला टेबलं मांडली आणि दहा मीटरवर कागद टांगले. पिस्तुलं हवेची, त्यामुळं लायसनची भानगड नाही. बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास. पाऊस झाला की भिंतींना अजून कोंबड्यांची आठवण यायची, पण ते काही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. माहितीपत्रकात होतं, सभासद फी वर्षाला अठरा हजार.

सावळेरामनं ती भरली होती, कारण त्याच्या शेजारच्या गाळेवाल्यानं भरली होती.

सोमनाथनं आयुष्यात हातात घेतलेली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे स्टेपलर. त्याचा पहिला छर्रा कागद सोडून भिंतीत गेला. दुसरा कुठं गेला हे आजवर कळलेलं नाही. सुनील सर मागं येऊन उभे राहिले.

"काका, घाई कुणाची हाय? तुमच्यापुढं लाइन न्हाई."

एवढं एकच वाक्य. पण एकतीस वर्षं ज्याच्यापुढं लाइन होती, त्याच्या मानेवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं. त्यानं डावा हात खिशात घातला, उजवा लांब केला, श्वास अर्धा सोडून थांबवला आणि ट्रिगर हळूहळू मागं घेतला. दोरीवरून कागद सरसरत जवळ आला तेव्हा काळ्या गोलाच्या कडेला एक भोक होतं. सोमनाथ त्या भोकाकडं बराच वेळ बघत राहिला. पतसंस्थेत एक नोट कमी भरली तर पगारातून जायची. इथं चुकलं तर भरून द्यायला लागत नव्हतं. चुकायचं, कागद बदलायचा, पुन्हा उभं राहायचं. अख्ख्या तासात त्याला ना घड्याळ आठवलं, ना आपण रिटायर आहोत हे.

परतीच्या वाटेवर मात्र त्याच्यातला कॅशियर जागा झाला. आठवड्याचा हा एक तास आपल्याला पाहिजे, हे नक्की. पण अठरा हजार? शेडच्या दाराशी फळ्यावर नियम लिहिलेला त्यानं वाचला होता. प्रत्येक सभासदाला महिन्यातून दोनदा एक पाहुणा फुकट आणता येईल, छर्र्यांसकट.

"सावळ्या, तुला कोण पाहुणा असतो का रे न्यायला?"

"मला कोण असणार? तूच चल की."

सोमनाथनं घरी येऊन द्रौपदाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा एखादी बुडालेली ठेव व्याजासकट परत मिळाल्यासारखा होता. आठवड्याऐवजी पंधरवड्याला जाऊ, पण पैसा नाही लागणार.

द्रौपदानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणं म्हणून जाणार, मग हात हलवत जाणार का?"

इथं सगळं सुरू झालं. पुढच्या खेपेच्या शनिवारी तिनं मासवडीचा डबा दिला. दोघांपुरताच होता, पण डबा उघडल्यावर दोघांपुरता राहायला क्लबातली माणसं काही साधू नव्हती. द्रौपदाच्या मासवडीतलं तीळ-खोबऱ्याचं सारण असं, की पुढं वाढलेला रस्सा नुसता सोबतीला. तरी पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी "आज उपास हाय" म्हणून हात मागं घेतला. सोमनाथनं कुणाला काही विचारलं नाही, फक्त कोणकोण ते ध्यानात ठेवलं, कारण कुणाचं काय बाकी आहे हे ध्यानात राहायची त्याला सवय होती. तिसऱ्या डब्याला उपास कुणालाच आठवेना. चौथ्या डब्याला त्यातलाच एकजण रस्सा उरला का म्हणून विचारत आला. तेव्हापासून डबा दहा माणसांचा झाला.

मग सावळेरामच्या नातवाचं बारसं निघालं. दर पंधरवड्याला ज्याच्या गाडीत बसायचं त्याच्या बारशाला पाचशेचं पाकीट शोभतं का? चांदीचे वाळे घेतले. मग सावळेराम म्हणाला, "सोम्या, तू कॅशियर माणूस. ह्या मार्केटच्या पट्ट्यांवर, मालाच्या हिशोबाच्या कागदांवर, जरा नजर टाक की. माझा दिवाणजी आकडं असं लिवतो, जणू कोंबडीच नाचली." नजर टाकायला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जाऊ लागल्या.

शेजारच्या लंकाबाईनं तर वेगळाच हिशोब मांडला. तिच्या उसात बिबट्याची पिल्लं दिसल्याची हवा होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"दादा, तुमी बंदूक शिकताय म्हणं. जरा आमच्या बांधावर एक चक्कर मारा की."

"मावशी, त्या पिस्तुलानं कागदाला भोक पडतं फक्त. वन खात्याला फोन करा, मी नंबर देतो."

"कागदाला?" लंकाबाईनं नंबर घेतला, पण विश्वास घेतला नाही. "त्यापरीस दाभण स्वस्त पडला असता."

हिवाळा गेला, फेब्रुवारी आला. सोमनाथचे छर्रे आता काळ्या गोलात गावकीच्या बैठकीसारखे जवळजवळ बसू लागले. सुनील सरांनी त्याचा एक कागद दाराशी चिकटवला. त्या कागदापाशी थांबल्याशिवाय सोमनाथ आत जात नसे. थांबायचा मात्र चप्पल काढायच्या निमित्तानं.

सावळेराम बरोबर असायचा, पण त्याची नेमबाजी तीन छर्र्यांत उरकायची. मग मार्केटातून फोन यायचा, तो खांदा चोळत बाहेर जायचा, आणि परत यायचा तो डब्याचं झाकण उघडल्यावर. मार्केटात भाव हलला तर सोमनाथलाही हातातला कागद अर्धा सोडून गाडीत बसावं लागायचं. पाहुण्यानं यजमानाला थांब कसं म्हणायचं?

एका शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर द्रौपदा दुसऱ्या दिवशीच्या मासवडीसाठी खोबरं किसत होती. सोमनाथ सावळेरामच्या पट्ट्या घेऊन बसला होता.

"प्रज्ञाचे पप्पा, एक सांगा. डब्याला किती खर्च येत असंल?"

"किती येणार. बेसन, तेल..."

"बेसन, तेल, तीळ, खोबरं, दहा माणसांचं. सहाशे. वर्षाचं डबं किती?"

"चोवीस."

"बोला की मग. कॅशियर कोण हाय घरात?"

सोमनाथनं पेन खाली ठेवलं. "चौदा हजार चारशे."

"वाळ्यांचे साडेतीन हजार त्यात घाला."

"सतरा हजार नऊशे," सोमनाथ म्हणाला.

"तुमच्या अठरा हजाराला शंभर रुपयं कमी पडत्यात." द्रौपदानं खोबऱ्याची वाटी फिरवून किसणीवर धरली. "ते माझी वर्षाची मजुरी म्हणून धरा. तुमच्या संध्याकाळी मी फुकटात सोडल्या."

हिशोब सोमनाथनं दोनदा मनात फिरवून पाहिला, कुठं चूक सापडेना. उलट सभासदाला वर्षभर कधीही जाता येतं. पंधरवड्याचं राहू दे, रोज गेला तरी फळ्यावरच्या नियमानं त्याला कुणी अडवणार नव्हतं.

"व्हा सभासद," द्रौपदा म्हणाली. "मी काय नको म्हणतीय का?"

"तसं नाही गं. सावळ्याला काय वाटेल? त्यानं मला तिथं नेलं. दर वेळेला गाडी काढली, दारापासून दारापर्यंत. आणि मी आता त्याच्यासमोर स्वतःची पावती फाडू? त्याला वाटेल, सोम्याला माझ्या बरोबर जायची लाज वाटायला लागली."

"मग आधी त्याच्या घरी जाऊन सांगून या. डबा घेऊन जाऊ नका मात्र."

मार्चअखेरीला सगळ्यांच्या सभासदत्वाची मुदत संपायची होती. त्याच्या आधीच्या रविवारी सोमनाथ सावळेरामच्या घरी गेला. चाळीस वर्षांत त्या घरात जाताना त्याला शर्टाचं वरचं बटण लावावंसं कधी वाटलं नव्हतं. आज ते लावलं होतं.

सावळेरामची बायको रत्नावहिनी चहा ठेवून तिथंच शेंगा सोलत बसली. सोमनाथनं पट्ट्यांची पिशवी पुढं केली. सावळेरामनं ती न उघडता बाजूला ठेवली. एरवी तो आधी पिशवीत हात घालायचा.

"मुदत संपती म्हणं क्लबाची," सोमनाथ म्हणाला.

"व्हय. संपती."

"भरणार असशीलच तू."

"भरावं तर लागंलच." सावळेराम चहाच्या कपाकडं बघत होता. "तुझं काय मत?"

"माझं कसलं मत? तुझी सभासदी. मी आपला पाहुणा."

"पावणा कसला. तू हाईस म्हणून तर..." सावळेराम मधेच थांबला आणि खांदा चोळू लागला.

सोमनाथचा धीर आणखी खचला. हा माणूस आपल्यावर एवढा जीव टाकतो आणि आपण शंभर रुपयांच्या फरकाचा हिशोब घेऊन आलो. त्यानं दुसरीकडून सुरुवात करून पाहिली.

"सावळ्या, मी काय म्हणतो, दर वेळेला तुला गाडी काढायला लागते. मार्केट सोडून यायचं..."

"त्याचं काय न्हाई. मार्केट काय, हाय आपलं."

"नाही, पण तुला त्रासच."

"तरास कसला राव. तुलाच तरास. वहिनी एवढं डबं करत्यात."

दोघंही चहा प्याले. चहा संपल्यावर रिकामे कपही थोडा वेळ प्याले. शेवटी रत्नावहिनीनं शेंगांचं सूप खाली आपटलं.

"अहो, सांगून टाका की त्यांना. का मी सांगू?"

"तू गप गं."

"भावजी, ह्यास्नी न्हाई भरायची फी. पिस्तूल धरलं की खांदा दुखतो, दोन दिस मला बाम चोळाय लागतो. पहिल्याच महिन्यात म्हणलं व्हतं, झाली हौस, बास करा. तर म्हणत्यात, मी सोडलं तर सोम्या कसा जायचा? त्याला दुसरं काय हाय आता. ह्या वर्षी बी तुमच्यासाठीच भराय निघाल्यात. बँकेतनं काढून ठेवल्यात पैसं, ते बघा कपाटात."

सावळेराम इतका लाल झाला होता, की मार्केटात त्याला पहिल्या प्रतीचा भाव मिळाला असता.

"मी सभासद व्हायला निघालोय," सोमनाथ म्हणाला. "तुला सांगायलाच आलो होतो. आठवडाभर जीभ उचलेना."

सावळेरामनं त्याच्याकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. मग आधी पोट हललं, आणि मागून हसू बाहेर आलं.

"म्हंजे सोम्या, तुझ्यासाठी मी बाम चोळून घेतला, आन् माझ्यासाठी वहिनी खोबरं किसत बसल्या?"

"आणि ह्या पट्ट्या तपासल्या त्या वेगळ्या."

"पट्ट्या सोडू नगंस बाबा," सावळेराम घाईनं म्हणाला. "पट्ट्यांचं काय ते महिन्याला ठरवू आपण. देणार मी. ते भिडेखातर नको."

सोमनाथ नाही म्हणणार होता. जीभ वळलीही होती. पण मागच्या वर्षभराचा अनुभव ताजा होता. "ठरवू," तो म्हणाला, आणि महिन्याला पंधराशेवर ठरलंही. वर्षाचे ते अठरा हजारच होतात हे त्याच्या लगेच लक्षात आलं, पण ते त्यानं बोलून दाखवलं नाही. द्रौपदाला सांगायला काहीतरी शिल्लक ठेवायचं होतं.

एक एप्रिलला सोमनाथनं पावती फाडली. सुनील सरांनी सभासदाचं कार्ड दिलं. घरी आणल्यावर द्रौपदानं ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, फोटो बरा आलाय. मग ते भिंतीवरच्या घड्याळाच्या कडेला खोचून ठेवलं. तिथून सोमनाथ ते दर बुधवारी आणि शनिवारी काढून नेतो, आपल्या स्कूटरवर, रिकाम्या हातानं.

आणि महिन्यातल्या दोन शनिवारी त्याच्याबरोबर एक पाहुणा असतो. तो फळ्यावरच्या नियमानुसार फुकट येतो, तीन छर्रे उडवतो आणि बाहेर खुर्चीवर जाऊन मार्केटात फोन लावतो. पहिल्या खेपेला क्लबातल्या मंडळींनी डब्याची चौकशी केली.

"आता पाहुण्याला विचारा," सोमनाथ म्हणाला.

सावळेराम पिशवीतून डबा काढतच होता. रत्नावहिनीनं हुलग्याची शेंगोळी दिली होती. मंडळींनी खाल्ली. चांगली होती, फक्त दहा मीटरवरून मारली असती तर कागद फाटला असता. एकानं हळूच विचारलं, मासवडीचा वार कुठला आता? सोमनाथ म्हणाला, आमच्या घरी या, पण येताना हात हलवत येऊ नका.

गेल्या शनिवारी सावळेराम शेंगोळीबरोबर टोमॅटोचं एक क्रेटही घेऊन आला, द्रौपदासाठी. भाव पडलेला होता, ही गोष्ट सोमनाथनं मनात टिपली. बाहेर खुर्चीवर सावळेराम बोटांवर कसलातरी हिशोब करत होता. शेंगोळीचं हुलग्याचं पीठ, क्रेट, आता प्रज्ञाचं लग्न ठरतंय तर तिथं काय द्यावं लागेल.

"सोम्या," तो दारातून म्हणाला, "पावणं म्हणून यायचं मला परवडतं का रे? का परत फी भरून टाकू?"

आत सोमनाथनं डावा हात खिशात घातला होता आणि श्वास अर्धा सोडला होता.