कपाटातला कन्सोल

मित्रांनो, मी एक म्हातारा गेम कन्सोल आहे. माझं तरुणपण अंथरुणांच्या कपाटात, भीत भीत गेलं.

तेव्हा जपानात दोन प्रकारच्या तबकड्यांचं भांडण जुंपलं होतं. पुढे चित्रपट कुठल्या तबकडीवर मिळणार, ते ठरायचं होतं. एक तबकडी माझ्या पोटात फिरायची. दुसरीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मोरिहिको कुवाबारा काम करायचे आणि कारखान्याच्याच वसाहतीत राहायचे. तिथे भाताचा कुकरसुद्धा आपल्याच कंपनीचा लागे. तरी त्यांनी मला निवडलं, कारण त्यांच्या लेकीचा, चिनात्सुचा, आवडता खेळ फक्त माझ्यावर चालायचा. लांबच्या गावाहून त्यांनी मला आणलं, तेही चादरीच्या दुकानाच्या पिशवीत लपवून.

“साहेबांना कळलं तर माझी नोकरी राहायची नाही,” ते तिला म्हणाले.

एकदा साहेबांची बायको, सुगिउराबाई, संत्री घेऊन अचानक आल्या. चिनात्सुने मला चालूच अवस्थेत गाद्यांमध्ये कोंबलं. मी तापलो. माझा पंखा जोरात फिरू लागला. थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

“काय गं, एवढा घाम?”

“अभ्यास करत होते, काकू.”

“अभ्यासाने घाम? आमच्या दिवट्याला सांगते हं!” बाई कपाटाला टेकून बसल्या. “आणि हे काय घरघरतंय? बोका पाळलात की काय? वसाहतीत चालत नाही बरं!”

“गादी वाळवायचं यंत्र आहे,” मोरिहिको म्हणाले.

“आपल्याच कंपनीचं ना?”

“म्हणजे काय, वहिनी!”

बाई गेल्यावर मोरिहिकोंनी आधी दाराला कडी घातली, मग मला बंद केलं.

पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केलं, आपली तबकडी बंद. माझी बाजू जिंकली होती. मोरिहिकोंचा विभागही बंद झाला. ते भरदुपारी घरी आले आणि बूट न काढताच चटईवरून चालत आले. आता मी भंगारात जाणार, असं मला वाटलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं, बाहीने धूळ पुसली.

“ह्याला टीव्हीजवळ ठेव, चिनात्सु. आता लपवायचं कारण उरलं नाही.”

ज्या जागेसाठी मी झुरलो, ती मिळाली. पण चिनात्सुने मला चालू केलं नाही. ती बाबांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

मोरिहिको आता नाहीत. मी अजून चालतो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, धूळ पुसत जा. पण घरातलं माणूस हरून आलं, तर आधी आम्हाला बंद करा.