माझ्या पाठीमागचं शेत

मी एक जुना बिडाचा फलक आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका रस्त्याच्या वळणावर एका लोखंडी खांबावर उभा असतो. मित्रांनो, मी दिसतो धीट, पण आहे भित्रा. वळणावरून ट्रक येताना दिसला की माझा खांब आतून थरथरतो.

भट्टीतून निघालो तेव्हा माझी अक्षरं सोनेरी होती. फार जुन्या काळी इथे यादवी युद्ध झालं. गुलामीतून सुटलेल्या माणसांची एक पलटण त्यात लढली. माझ्यावर लिहिलं आहे: ‘उगवता सूर्य डोळ्यांवर घेत ही पलटण या फलकामागच्या शेतात शिरली. त्यांतले अनेक जण तिथेच विसावले आहेत.’ मला उभं केलं त्या दिवशी चर्चमधल्या बायका गायल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पुढे गाड्या वेगात जाऊ लागल्या आणि मला वाचायला कुणी थांबेना.

एके दिवशी लाकडांचा एक ट्रक माझ्यावर आदळला. रस्त्याची डागडुजी करणारी माणसं भली होती. “इथे पुन्हा ठोकर बसेल बिचाऱ्याला,” म्हणत त्यांनी मला रस्त्यापलीकडे नेऊन रोवलं.

माझी पाठ आता भलत्याच शेताकडे झाली. अक्षरं तीच, पण मी खोटं बोलू लागलो. ज्यांना खरं ठाऊक होतं ती म्हातारी माणसं एकेक करून गेली. त्यांची मुलं-नातवंडं दर वसंतात नुसत्या गवतावर फुलं ठेवू लागली.

माझ्याशेजारी आर्डिथबाई उकडलेल्या शेंगांची हातगाडी लावायच्या. त्यांच्या सासरचे पणजोबा त्या पलटणीत होते. त्याही चुकीच्या शेतातच फुलं ठेवायच्या.

आणि एका सकाळी समोरच्या, खऱ्या शेतात माती उकरणारं यंत्र आलं. तिथे पेट्रोल पंप व्हायचा होता. यंत्र चालवणारा होता ओडेल, आर्डिथबाईंचा धाकटा दीर. तो आपल्याच पणजोबांना उकरणार होता, आणि मला तोंड नव्हतं. यंत्राचा घरघराट माझ्या खिळ्याखिळ्यात शिरला.

यंत्र नुसतंच घरघरत ठेवून तो शेंगा खायला आला.

“वहिनी, शेंगांत मीठ आहे की मिठात शेंगा?”

“फुकट खाणाऱ्याला खारटच लागतं.”

हसत हसत तो मला मोठ्याने वाचू लागला. “उगवता सूर्य डोळ्यांवर घेत...”

“ओडेल, टोपी उलटी का घातलीस?”

“मान भाजतेय.”

“मग पणजोबांच्या डोळ्यांवर ऊन आलं कुठून?”

“म्हणजे?”

“वाच की. सकाळी लढले. या शेतात शिरताना ऊन पाठीवर हवं.”

ओडेलने शेंग तोंडाशी नेता नेता थांबवली. तो सावकाश मागे वळला. आता ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं. समोर त्याचं यंत्र हात उचलून उभं होतं.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “मी आत्ता तिथेच खणणार होतो.”

त्याने जाऊन यंत्र बंद केलं. मग हाताने फावडं धरून माती अलगद, साय काढावी तशी काढली. गुडघाभर खोलीवर एक पितळेचं बटण निघालं, सैनिकाच्या कोटाचं. आर्डिथबाईंनी ते पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं आणि परत मातीतच ठेवलं. “त्यांचंच आहे,” म्हणाल्या.

पंप दुसरीकडे गेला. मी पुन्हा जुन्या जागी, वळणावर आलो. ट्रक अजून अंगावर येतात आणि मी अजून घाबरतो. पण माझ्या पाठीमागे आता तेच आहेत, म्हणून उभा राहतो.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा आडवा पडलेला दिसला तर त्याला जरूर उचला. फक्त रोवण्याआधी एवढं विचारा, की हा कुणाला पाठीशी घालून उभा होता?