पोस्टरचा उजवा कोपरा

वडील गेल्याचं मला त्यांच्या भावाने, बाफो काकांनी, फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "आफिया, तू ते डिझाइनचं शिकतेस ना? मग क्वाकूचं पोस्टर तूच कर."

क्वाकू आमांकवा, कुमासी शहराच्या सुआमे भागातल्या गॅरेजांमधले मेकॅनिक, माझे वडील. आईशी त्यांचं लग्न झालं नव्हतं. मी त्यांना तीनदा भेटले होते. अंत्यविधीच्या पोस्टरवर मुलांची नावं जन्माच्या क्रमाने असतात. कुमासीत लोक भिंतीपुढे थांबून ती मोजतात. त्यात माझं नाव असावं, एवढंच मला हवं होतं. विचारायचं धाडस झालं नाही. यादी येईपर्यंत मी नमुना करत बसले.

तो मी उचलला राजधानी अक्रातल्या एका जाहिरात कंपनीच्या वेबसाइटवरून. वर्षभर ती रोज उघडत होते. तिथल्या एका जाहिरातीत अख्ख्या पडद्यावर दुधाचा एकच डबा होता. मी मोजलं होतं, सत्तर टक्के जागा रिकामी. उजवीकडे खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ती करणारीचं नाव. वडलांचा फोटो मी तसाच ठेवला. एकटा, भोवती पांढरं.

काका यादी घेऊन कॉलेजात आले आणि पडद्याकडे बघतच राहिले.

"एवढं मैदान कशाला? फुटबॉल खेळायचाय?"

"मोकळ्या जागेमुळे नजर चेहऱ्यावर जाते, काका."

"जाईल, आणि लोक म्हणतील, बिचाऱ्याला कोणीच नव्हतं. हे घे, नातेवाइकांची सेहेचाळीस नावं. एक जरी गळलं ना, तर दुसरं पोस्टर माझं करावं लागेल."

मी आधी मुलांचा रकाना वाचला. सात. पुन्हा वाचला.

"मुलं सातच?"

काका चष्मा पुसायला लागले. "यादी वहिनींनी केली, पोरी. मी नुसता पोस्टमन."

सेहेचाळीस नावं भरायला दोन तास लागले. पांढरं जवळजवळ उरलंच नाही. काका शेजारीच बसून एकेका नावावर बोट ठेवत होते. शेवटी उजव्या कोपऱ्यात मी बारीक लिहिलं, "मांडणी: कोणादू."

ते नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले. शुक्रवारी जन्मले म्हणून सगळे मला आफियाच म्हणतात. दुसरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

"कोणादू? हे तर आमच्या आईचं नाव."

"हो. मी आठ दिवसांची असताना वडलांनीच निरोप धाडला होता, हेच नाव ठेवा म्हणून."

काकांनी त्या नावावरही बोट ठेवलं. मग म्हणाले, "एवढं बारीक कोणाला वाचता येणार आहे?"

"कोणालाच नाही."

"मग असू दे."

सोमवारी पोस्टरं लागली. गॅरेजसमोरच्या भिंतीपुढे डोक्यावर पावांचं घमेलं घेतलेली एक बाई थांबली. तिने मुलं मोठ्याने मोजली, सातपर्यंत. "भाग्यवान माणूस हो," म्हणाली आणि गेली.

मी पिशवीतून पट्टी काढली. वडलांच्या हनुवटीपासून माझ्या नावापर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर. याहून जवळ आम्ही एकदाच आलो होतो. दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी टेम्पोत, पुढच्या सीटवर, ते इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मी त्यांचा श्वास.