आत्याची लायब्ररी

हिशेबाची ती जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, माझ्या आत्यानं निवृत्तीआधी सी भाषेत लिहिलेली. आमचं नवं सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. साध्या बेरजेलाही ते त्या लायब्ररीलाच बोलावतं आणि हल्ली मध्येच कोसळतं.

"म्हातारीचा कोड भंगारात टाका," साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले. "आणि तू नात्यापोटी तिचा कैवार घेऊ नकोस."

नाचता येईना, अंगण वाकडं. मी आमचाच कोड पडद्यावर लावला.

"लायब्ररी उत्तर ठेवायला मेमरीत जागा घेते आणि काम झालं की स्वतःच ती मोकळी करते. आपली ही ओळ तिच्याआधीच ती जागा मोकळी करते. जेवत्या माणसापुढचं ताट उचलावं, तसं."

"कुणी घातली ही ओळ?"

"तुम्ही. मी तेव्हाही नको म्हणाले होते."

"ते असू दे. लायब्ररी जाणार म्हणजे जाणार."

"ओळ काढते. लायब्ररीला मी हात लावणार नाही. तुम्हाला कोड लिहायला आत्यानंच शिकवलं ना? मग भंगार आहे हे तिलाच सांगा."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. आत्या "बोल" म्हणाली आणि साहेबांना एकदम तहान लागली.